ऑइल अजून चाललं असतं

गाडीचं ऑइल कधी बदलायचं, यावर दोन माणसांचं एकमत झालेलं मी अजून पाहिलेलं नाही. माझ्या गाडीच्या पुस्तकात 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असं ठसठशीत छापलंय. त्याच्याखाली बारीक अक्षरात, गाडी खडतर परिस्थितीत चालत असेल तर लवकर बदला. खडतर म्हणजे काय, तर धूळ, गर्दीतलं रांगणं आणि इंजिन नीट तापायच्या आत संपणाऱ्या फेऱ्या, कारण थंड इंजिनात इंधनाचा अंश आणि पाण्याची वाफ ऑइलमध्येच मुरते. म्हणजे वाळवंटात शर्यत खेळणारा आणि मुलाला शाळेत सोडणारा, दोघं एकाच यादीत.

आमचे मेहुणे ऑइल बदलतच नाहीत, नुसतं वरून भर घालतात. "लाखो वर्षं जमिनीखाली होतं तेव्हा नाही नासलं, आता वर्षभरात नासतंय होय?" याला उत्तर आहे. नासतं ते नुसतं तेल नव्हे, त्यात मिसळलेली रसायनंही संपतात. पण मेहुण्यांशी वाद घालून कोणाचं भलं झालंय? उलट आमचा मेकॅनिक डिपस्टिकवरचा, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवरचा, थेंब दोन बोटांत चोळतो, उजेडाकडे धरतो आणि म्हणतो, "गेलं, साहेब." गेलं नाही असं तो कधीच म्हणत नाही. डिझेल गाडीचं ऑइल काही दिवसांतच काळं होतं, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे, हे मी त्याला सांगून पाहिलं. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मेहुण्यांचीच होती.

तेव्हा म्हटलं, विज्ञानालाच विचारू. ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा, ते त्यात लोखंड किती, तांबं किती, शिसं किती, दशलक्षात किती भाग, ते सांगतात. लोखंड वाढलं तर लायनर, म्हणजे सिलिंडरचं आतलं अस्तर, झिजतोय, शिसं वाढलं तर बेअरिंगची शंका. सोडियम-पोटॅशियम दिसलं तर कूलंट आत शिरतंय का ते बघायचं.

नमुना घ्यायची रीत अशी. इंजिन गरम पाहिजे, म्हणजे तळाचा गाळ ढवळून सगळं एकजीव होतं. चेंबरचा, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याचा, नट काढला की पहिली धार सोडून द्यायची, शेवटचीही नको, मधली धरायची. लघवी तपासायला देताना नर्सबाई हेच सांगतात, फक्त तिथे माणूस गाडीखाली उताणा नसतो आणि धार मनगटावरून कोपरापर्यंत चटके देत येत नाही. बाटली कोरडी आणि स्वच्छ हवी. त्यात बोटावरची धूळ पडली की रिपोर्टात सिलिकॉन वाढतं आणि आपण उगाच एअर फिल्टरला शिव्या घालत बसतो. मग लेबल: ऑइल कोणतं, ग्रेड कोणता, इंजिन किती चाललंय, हे ऑइल किती चाललंय, मध्ये भर किती घातली. इतकी माहिती मी स्वतःच्या रक्ततपासणीलाही दिलेली नाही.

कुरिअरवाल्याने विचारलं, "आत काय?"

"वापरलेलं ऑइल."

"मग नवीन पाठवा ना."

यथावकाश रिपोर्ट आला. चिकटपणा ग्रेडमध्ये, झीज किरकोळ, टीबीएन म्हणजे आम्ल मारायची शिल्लक ताकद, तीही निम्म्याहून जास्त. खाली शेरा: ऑइल चांगलं आहे, वापर चालू ठेवावा. कुठलं चालू ठेवू? ते तर चेंबरचा नट उघडला तेव्हाच डब्यात गेलं होतं आणि इंजिनात नवं कोरं हिंडत होतं. मेलेल्या माणसाचा रिपोर्ट नॉर्मल आल्याचं समाधान काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं.

यावर तोडगा म्हणजे हातपंप. डिपस्टिकच्या भोकातून बारीक नळी सोडायची, पंप ओढायचा, बाटली पाऊण भरायची, ऑइल जागच्या जागी. सांगायला सोपं आहे. नळी गुंडाळून विकलेली असते आणि गुंडाळलेलंच राहायचा तिचा हट्ट असतो. ती आत जाऊन वळते आणि ऑइलऐवजी हवा ओढत बसते. बाटली जरा कलंडली की ऑइल थेट पंपात. शिवाय काढलं तेवढं वरून भरावं लागतं, आणि ती भरही लेबलवर लिहायची.

पंपाचा फायदा मात्र झाला. दुसऱ्या रिपोर्टात सिलिकॉन आणि लोखंड दोन्ही जरा चढलेलं होतं. जोडीने चढलं की धुळीवर संशय. एअर फिल्टरचं खोकं उघडलं तर एक क्लिप अर्धवट बसलेली, आणि रबराच्या कडेला धुळीची बारीक भुकटी. तिथे मला प्रयोगशाळेचा अभिमान वाटला. पण याच तपासणीला मोठे कण दिसत नाहीत, काही मायक्रॉनपर्यंतचेच, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजारांश भागांएवढेच, दिसतात. बेअरिंगची कपची सुटून पडली, तरी रिपोर्ट सात्त्विक येऊ शकतो. म्हणून एका रिपोर्टवर काही ठरवायचं नसतं, ओळीने घेऊन आकडे कसे सरकतात ते पाहायचं असतं. म्हणजे पुन्हा नळी, पुन्हा पंप, पुन्हा कुरिअरवाला.

शेवटी मेकॅनिकसमोर दोन्ही रिपोर्ट ठेवले आणि म्हणालो, पुस्तकातले 10,000 सहज निघतील. तो 5,000 वर अडून बसला. घासाघीस करून 7,500 वर सौदा पटला. या आकड्याला ना प्रयोगशाळेचा आधार, ना पुस्तकाचा, पण दोघांचाही मान राहिला. मी निघणार, एवढ्यात त्याने मागून हाक मारली.

"साहेब, ऑइलचं ठरलं. ऑइल फिल्टरचं काय? त्याचा रिपोर्ट कुठाय?"