रँड, उंदीर आणि आठवी ब

रविवारी संध्याकाळी बंद लाँड्रीच्या पायरीवर आमचा कट्टा भरतो. परवा वादाला निमित्त माझी लेक. आठवीत आहे. इतिहास वाचता वाचता विचारते, "बाबा, रँडला मारलं ते प्लेगमुळे. पण प्लेग कशामुळे?" म्हटलं, उंदरांमुळे. तर म्हणे, "नको, ते विज्ञानात येतं. इतिहासाच्या पेपरात लिहिलं तर बाई मार्क देणार नाहीत."

हे ऐकून बंड्या उसळलाच. "तरी मी कधीचा सांगतोय, विज्ञान आणि समाजशास्त्र एकत्र शिकवा! आपल्या पोरांना पाचवीपर्यंत परिसर अभ्यास होता की. भाग एकमध्ये पाणी, हवा, नकाशा, ग्रामपंचायत, सगळं एकाच पुस्तकात. सहावीत गेलं की वाटण्या. भाऊ वेगळे निघावेत तसे."

"आणि पोस्टच्या वाटण्या कोण निस्तरणार?" मास्तर म्हणाला. तो शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे या विषयावर त्याचं डोकं लगेच तापतं. "आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, सहावी ते आठवीला तीन खाती आहेत. विज्ञान-गणिताला एक शिक्षक, समाजशास्त्राला एक, भाषेला एक. विषय एकत्र झाला की संचमान्यतेत, शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरवताना, कुणीतरी विचारणारच, मग माणसं दोन कशाला? एक जण अतिरिक्त ठरेल आणि उरलेला बीएस्सी झालेला गडी चाफेकर बंधू शिकवेल."

"शिकव की! फितूर कोण ते तरी कळेल तुला."

"चेष्टा सोड. एकत्र पुस्तकात काय होतं ते मला माहितीये. 'प्लेग आणि समाज' असा धडा येणार. वर पिसवीचं चित्र, खाली रँडचं, शेवटी 'परिसर स्वच्छ ठेवा'. मायक्रोस्कोप कपाटातच. जिवाणू दिसत कसा नाही आणि दाखवायचा कसा, यालाच माझे दोन तास जातात."

हे मला पटलं, पण निम्मंच. कारण लेकीच्या प्रश्नापायी मी रात्री जरा वाचत बसलो होतो. 1896 साली मुंबईत मांडवी भागात प्लेग आला. तो ओळखला मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञानं ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 ला आधी स्वतःलाच टोचून घेतली. पुण्यात रँडच्या हुकमावरून घरोघर सोल्जर शिरले, रोग्यांना उचलून नेलं, सामान रस्त्यावर फेकलं. सावित्रीबाई रोग्यांची सेवा करता करता 10 मार्चला त्याच प्लेगनं गेल्या. 22 जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली. आणि प्लेग पिसवीतून पसरतो हे सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत दाखवलं ते 1898 साली.

"म्हणजे रँड मेला तेव्हा पिसवीचं ठाऊकच नव्हतं?" बंड्या.

"जिवाणू तीन वर्षं आधी, 1894 मध्ये सापडला होता. तो माणसात येतो कसा, हे कोडं होतं."

इतका वेळ गप्प असलेले, कट्ट्यावर सगळ्यांत वडील काका बोलले. "साहेबाला नसेल ठाऊक. माझी आजी सांगायची, घरात उंदीर पडायला लागले की माणसं गाव सोडून रानात झोपड्या घालायची. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना."

मास्तर एकदम पुढे सरकला. "बरोबरच आहे! उंदीर मेला की अंग गार पडतं, पिसवी त्याला सोडते आणि दुसरं गरम अंग शोधते. म्हणजे उंदीर पडताना घरात राहणं सगळ्यांत धोक्याचं. आजीचं निरीक्षण पक्कं होतं, कारण माहीत नव्हतं."

"बघ, शिकवलास ना इतिहास!" बंड्यानं टाळी मागितली. मास्तरनं दिली नाही.

"नागरिकशास्त्र राहिलं," वकील म्हणाला. "त्याच प्लेगपायी 1897 च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला. कोविडमध्ये 2020 ला आपल्याला घरात बसवलं तेव्हाही आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या जोडीला तोच वापरला. घरात शिरायचा, माणसाला उचलून वेगळं ठेवायचा अधिकार सरकारला किती असावा, हा प्रश्न रँडचाही आणि आपलाही."

मला वाटतं, पुस्तकं एकत्र शिवायची गरजच नाही. दहावीलाही विज्ञानाचे दोन पेपर चाळीस-चाळीसचे, तसेच इतिहास आणि भूगोलाचे. ते असू देत. पण पोराचा प्रश्न एका वहीतून दुसऱ्या वहीत गेला म्हणून मार्क जाऊ नयेत. बंड्याला हे मिळमिळीत वाटलं. "तू नेहमीचा मध्यममार्गी," म्हणाला. असेन.

चहा संपला. मास्तर मोबाईलवर वेळापत्रक काढून बसला होता.

"मंगळवारी आठवी ब ला तिसरा तास इतिहासाचा, चौथा माझा. मधे सुट्टी नाही," तो म्हणाला. "बाईंना विचारून बघतो. त्या माझ्याशी बोलत नाहीत सध्या. प्रदर्शनाच्या हॉलवरून वाजलंय आमचं."