पगार थांबला म्हणून आरोग्य विमा मिळत नाही, हे खोटं आहे

"नोकरी गेली की आरोग्य विमा विसरा. सॅलरी स्लिपशिवाय पॉलिसी मिळत नाही. कंपनीच्या विम्यातली वर्षं वाया जातात. सरकारी योजना फक्त पिवळ्या-केशरी रेशनकार्डवाल्यांना. त्यामुळे नवी नोकरी लागेपर्यंत थांबा." नोकरकपातीच्या बातम्या आल्या की हा मेसेज फिरतो. तो वाचून कुणी खरंच थांबू नये, म्हणून हे लिहितोय.

सॅलरी स्लिपचं आधी. हॉस्पिटलचा खर्च भरून देणाऱ्या साध्या पॉलिसीला ती सहसा लागत नाही. गृहिणी, विद्यार्थी, निवृत्त माणसं पॉलिसी घेतातच की. उत्पन्नाचा पुरावा मागतात तो टर्म इन्शुरन्सला किंवा मोठ्या रकमेच्या अपघात विम्याला. फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात मात्र खरं तेच लिहा.

वर्षं वाया जातात, हा मुद्दा सगळ्यात घातक. माझ्या धाकट्या भावाला मधुमेह आहे. सात वर्षं तो एकाच कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत होता, विमा कंपनीही तीच. विमा क्षेत्राची नियामक संस्था असलेल्या आयआरडीएआयच्या नियमांनुसार अशा माणसाला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं. याला मायग्रेशन म्हणतात. सलग विमा असलेली वर्षं जुन्या विमा रकमेपुरती वेटिंग पिरियडमध्ये, म्हणजे ठरावीक आजारांचा क्लेम मिळत नाही त्या सुरुवातीच्या काळात, धरली जातात. आधीपासूनच्या आजारांचा हा काळ एप्रिल 2024 पासून जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे, पूर्वी चार होता. म्हणजे भावाचा तो कधीच भरला होता. नवीन पॉलिसी घेतली असती तर शून्यापासून सुरुवात. विमा कंपनी तब्येत तपासू शकते, प्रीमियम जास्त लावू शकते, हे खरं. म्हणूनच जुना विमा चालू असताना अर्ज करायचा.

त्याचा ऑफिसचा ईमेल शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहाला बंद झाला. पॉलिसीचे सगळे कागद त्यातच होते. आदल्या रात्री आम्ही दोघांनी बसून ई-कार्ड, पॉलिसी नंबर आणि विमा सुरू झाल्याची तारीख त्याच्या जीमेलवर पाठवून ठेवली होती, म्हणून निभावलं.

रेशनकार्डाची माहिती जुनी आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना 2023च्या निर्णयानं राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुली झाली, पांढरं कार्ड असलं तरी. वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंत. योजनेतलं हॉस्पिटल आणि यादीतले उपचार हवेत, साधी ओपीडी त्यात येत नाही. पण हाती काहीच नसताना हा मोठा आधार आहे.

आणि थांबण्याचं. नव्या पॉलिसीत पहिले 30 दिवस अपघात सोडून बाकी आजारांचा क्लेम मिळत नाही. जितकं थांबाल तितके हे दिवस पुढे सरकतात. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर 18 टक्के जीएसटीही राहिलेला नाही. भावाला नोकरी लागायला पाच महिने गेले. चौथ्या महिन्यात पायाची जखम चिघळून तो तीन दिवस ॲडमिट होता. बिल मायग्रेशननं घेतलेल्या वैयक्तिक पॉलिसीतून भागलं.

ज्यांचा शेवटचा दिवस जवळ आलाय, त्यांनी एचआरला आजच लेखी विचारावं: माझा विमा नेमका कुठल्या तारखेला संपतो, आणि मायग्रेशनचा अर्ज कुणाकडे द्यायचा?