म्हणे, चालवा, आपोआप सेट होईल!

ब्रेक आपोआप सेट होत नसतो. हे वाक्य प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर, देवाच्या फोटोशेजारी, लाल ऑइलपेंटने लिहून ठेवावं असं मला गेले काही दिवस वाटतंय.

गाडीला पुढचे दोन्ही कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारे भाग, नवे टाकले, ब्रेक ऑइलचे रबरी होज नवे, मागे ब्रेक दाबणारे व्हील सिलिंडर नवे. बिल बघून पोटात गोळा आला, तरी ब्रेकच्या कामात घासाघीस करायची नाही म्हणून मुकाट्याने दिले पैसे. गाडी बाहेर काढली तर पेडल लिबलिबीत. दाबलं की जातंय आपलं खाली. दोन-तीनदा भराभर मारलं की वर येतं, जरा थांबलं की पुन्हा ढिलं. लाइनमध्ये एअर राहिलीय हे कळायला मेकॅनिक असावं लागत नाही. मी तसं म्हटलंही. तर गालातला तोबरा जराही न हलवता उत्तर आलं, "नवीन माल आहे साहेब. दोन दिवस चालवा, आपोआप सेट होईल."

कुठे चालवू? मी चिपळूणला राहतो. कराडला निघालो तर कुंभार्ली घाट, मुंबईकडे निघालो तर परशुराम घाट. पेडल सेट होईपर्यंत ट्रकच्या मागे गणपतीचं नाव घेत उतरायचं का?

संताप याचा की या थापेत अर्धं खरं आहे. नवे पॅड डिस्कवर बसायला थोडे किलोमीटर जावे लागतात, तोवर ब्रेक जरा कमी धरतो. मान्य. पण पेडल तेव्हाही पायाखाली कडकच लागतं. ब्रेक ऑइल दाबून चेपत नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. हवा चेपते, म्हणून तोच जोर बुडबुडे चेपण्यात वाया जातो. पास्कलचा नियम शाळेत शिकवतात. आणि एकदा आत अडकलेला बुडबुडा दोन दिवस गाडी फिरवली म्हणून "बरं, निघतो" म्हणत जात नाही. त्याला वाट करून द्यावी लागते.

शेवटी रविवारी घरीच एअर काढायला बसलो. पहिला धक्का निपलला, म्हणजे कॅलिपरवरच्या हवा बाहेर काढायच्या छोट्या स्क्रूला. ज्याने कोणी हे केलंय त्याने रिंग पाना न लावता फिक्स पान्याने निपल पिळलंय, आणि नव्या कोऱ्या कॅलिपरच्या निपलचे कोपरे गोल करून ठेवलेत! अहो, दहा नंबरचा रिंग पाना काय सोन्याचा येतो? निपल आत मोडलं तर कॅलिपर भंगारात, आणि भुर्दंड माझ्या खिशाला.

पेडलवर पुतण्याला बसवला. काम काय? "दाब" म्हटलं की दाबायचं, "धर" म्हटलं की धरून ठेवायचं, मी निपल बंद करून "सोड" म्हणेपर्यंत पाय हलवायचा नाही. एवढंच. हा पोरगा एका हातात मोबाइल धरून, निपल उघडं असताना पाय उचलतो आणि वर विचारतो, "काका, झालं का?" झालं! तेवढ्या वेळात निपलच्या आट्यांतून हवा परत आत. पेडलखाली मी लाकडाचा ठोकळा ठेवला होता, कारण पार तळापर्यंत दाबलं तर जुन्या मास्टर सिलिंडरचं, म्हणजे पेडलचा जोर ऑइलवर देणाऱ्या भागाचं, सील कधी न गेलेल्या गंजक्या भागावर घासतं आणि फाटतं. तो ठोकळाही याने "पायाला लागतो" म्हणून काढून ठेवलेला.

वर सोसायटीतले सल्लागार. एक काका म्हणाले, इंजिन चालू ठेवून दाबा. दुसरे म्हणाले, अर्धी बाटली ऑइल आहे माझ्याकडे, गेल्या पावसाळ्यातली, घ्या. गेल्या पावसाळ्यातली! कोकणात! ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट 4 दर्जाचं ब्रेक ऑइल ताजं असताना किमान 230 डिग्रीपर्यंत उकळायला नको, पाणी प्यायलेलं असेल तर ही हमी 155 वर येते. घाटात डिस्क तापल्यावर ऑइल उकळून वाफ झाली की पुन्हा तीच बोंब. काकांना "राहू द्या" म्हटलं, तर ते रुसले.

मागचं डावं, मागचं उजवं, मग पुढची दोन्ही. माझ्या गाडीच्या पुस्तकात हाच क्रम दिलाय, मास्टर सिलिंडरपासून लांबचं आधी. पारदर्शक नळीतून ऑइल स्वच्छ येतंय, एक बुडबुडा नाही. वरची टाकी सतत भरलेली ठेवली. आणि पेडल? लिबलिबीतच.

डोकं फिरायची वेळ आली. मग चाकाशेजारी जमिनीवर आडवा झालो आणि पुढच्या कॅलिपरकडे नीट बघितलं. निपल खाली! होजची जोडणी वर आणि निपल खाली. दुसऱ्या बाजूलाही तेच. म्हणजे त्या महाभागाने डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला होता. माझ्या गाडीला दोन्ही बाजूंना बोल्टची भोकं सारखीच, त्यामुळे चुकीचाही मुकाट बसतो. हवा वर जाते हो! निपल खाली असेल तर खालून हवं तेवढं ऑइल गाळा, वरचा बुडबुडा आपल्या जागी मांडी घालून बसलेला. जन्मभर पंप मारला तरी निघणार नाही.

दोन्ही कॅलिपर काढून अदलाबदल केली, होजच्या बोल्टला नवे तांब्याचे वॉशर टाकले, पुन्हा सगळी एअर काढली. पेडल असं वर आलं की पायाला दगड लागावा. अख्खा रविवार गेला. अंगणातल्या फरशीवरचे डाग बघून बायको काय बोलली ते लिहीत नाही. मडगार्डवर थेंब पडला तिथला रंग फुगलाय तो वेगळाच.

सोमवारी गॅरेजला फोन केला. डावं-उजवं सगळं समजावून सांगितलं. पलीकडून शांतपणे, "आता लागतोय ना ब्रेक? मग झालं की!"

बिल पुन्हा काढून बघितलं. त्यात "ब्रेक एअर काढणे" म्हणून वेगळे पैसे लावलेत. ते मी परत घेणार आहे, आणि निपलचेही.