पाचामुखी पंच

सोसायटीच्या मीटिंगमध्ये तोंड उघडू नये, हे बारा वर्षांत मला कळायला हवं होतं. एकतीस डिसेंबरच्या गच्चीवरच्या कार्यक्रमाची चर्चा चालली होती. पावभाजी नेहमीच्या आचाऱ्याकडून, शेकोटीची लाकडं वॉचमन आणणार, प्यायला मसाला दूध. सगळं सुरळीत होतं. तेवढ्यात मी म्हणालो, "दरवर्षी दूधच कशाला? मस्तपैकी फ्रूट पंच करू की." सेक्रेटरींनी शांतपणे वही ओढली आणि माझं नाव लिहिलं. आमच्याकडे जो सुचवतो त्यालाच ते करावं लागतं. लिफ्टमधला पंखा चार वर्षं बंद आहे तो उगाच नाही.

घरी येऊन मी अभ्यास केला. पंच म्हणजे म्हणे आपलंच 'पाच'. साखर, लिंबू, पाणी, मसाला आणि दारू. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीची माणसं आपल्याकडे येऊन हे प्यायला शिकली. १६३२ सालच्या त्यांच्या एका पत्रात हा शब्द सापडतो आणि पुढे गोव्याच्या अरकाचा, म्हणजे माडाच्या दारूचा, पंच विलायतेपर्यंत गाजला. शब्दाची ही कुळकथा सगळ्या विद्वानांना मान्य नाही, पण मला एका पायावर मान्य होती. कारण त्या हिशेबानं मी करणार होतो ते पंचामृताचं चुलतभावंड ठरत होतं, आणि आईपुढे ते मांडायला सोयीचं होतं.

आईनं पाच बोटं दुमडून मोजली. "दारू काढलीस की चारच राहिले. पाचवं काय घालणार?"

हा प्रश्न मी घरातच मिटवायला हवा होता. त्याऐवजी तो मी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला.

पाचवी जागा रिकामी आहे म्हटल्यावर अख्ख्या इमारतीतून अर्ज आले. ३०४ च्या काकूंचा उमेदवार घरचा चाट मसाला. २०३ म्हणाले, कोकम आगळ. त्यांचं गाव सावंतवाडीकडे आहे आणि त्यांच्या मते आगळ घालून बिघडलेली वस्तू जगात नाही. ४०२ मधला मुलगा कुठल्याशा कॅफेत काही पिऊन आला होता, त्याला व्हॅनिला आइस्क्रीम हवं होतं. १०१ च्या अण्णांनी लिहिलं, "सुंठ. थंडीचे दिवस आहेत." त्यांच्याच घरातल्या आजींची त्या दिवशी नेमकी भागवत एकादशी, म्हणून अर्ध्या तासानं पुरवणी आली, "हिंग, धने नकोत." मी सगळ्यांना अंगठा दाखवला. अंगठ्याचा अर्थ 'वाचलं' असा होतो, ही माझी समजूत. बाकीच्यांच्या लेखी तो होकार होता.

तीस तारखेच्या आदल्या रात्री मी दोन ग्लासांचा नमुना केला. संत्र्याचा रस, थोडा अननस, डाळिंब, लिंबू, आणि आलं, दालचिनी व दोन लवंगा उकळून केलेला साखरेचा पाक, वरून गार सोडा. बायकोनं घोट घेतला आणि म्हणाली, "बरं झालंय." आमच्या घरात ह्याच्यावरचा पुरस्कार अजून कुणाला मिळालेला नाही. माणसं साठ, म्हणून मी सगळ्याला तीसनं गुणलं. गणित माझं पहिल्यापासून चांगलं आहे. लवंगा साठ.

मार्केट यार्डात दहा किलो संत्री घेताना फळवाला किनूच्या ढिगाकडे बोट दाखवून "एकच आहे हो" म्हणत होता. एकच कसं असेल? नागपुरी संत्र्याची साल सैल, आतल्या फोडींशी तिचं पटत नसल्यासारखी. किनूची घट्ट आणि पॉलिश मारल्यासारखी. मी बाणेदारपणे नागपुरी घेतली. किलोमागे जेमतेम चारशे मिलिलिटर रस निघतो हे घरी येऊन कळलं. आणि बिया मिक्सरमध्ये फिरल्या की रस कडू होतो. तोही लगेच नाही. लगेच गोड लागतो, आपण खूश होतो, आणि तासाभरानं कडू पडतो. म्हणून मिक्सर बाद. आई, बायको, मुलगी आणि मी असे चौघं ओळीनं बसून हातानं पिळत होतो. बोटांना कुठे कुठे चिरा आहेत हे लिंबाच्या वेळी एकेक करून कळलं. डाळिंब मुलीनं सोललं. त्यानंतर ओट्यामागच्या पांढऱ्या टाइल्स बघून एखाद्या फौजदारानं तिथल्या तिथे पंचनामा केला असता.

भांड्याचा प्रश्न ३०४ च्या काकूंनी सोडवला. त्यांनी माळ्यावरून सासूबाईंचं तांब्याचं घंगाळ काढलं, चिंच लावून लखलखीत केलं आणि वर पाठवलं. काय देखणं होतं! त्यात लाल पंच, वर संत्र्याच्या चकत्या, बाजूला शेकोटी. माझ्या डोळ्यांपुढे फोटोसुद्धा आला. आईनं आत नुसतं डोकावून पाहिलं. "कल्हई कुठाय? आंबट घातलंस तर तासात कळकेल." घंगाळ परत गेलं. काकू बोलल्या काही नाहीत, पण जिना उतरताना त्यांचं मौन दोन मजले ऐकू येत होतं. शेवटी आचाऱ्याचं वीस लिटरचं स्टीलचं पातेलं आलं. आतून पावभाजीचा वास येत होता, तो तीनदा घासल्यावर 'मागे कधीतरी पावभाजी झाली असावी' इतपत खाली आला.

एका बाबतीत मात्र मी शहाणपणा केला होता. बर्फाचे चुरमुरे लगेच विरघळून पंचाचं पाणी करतात, म्हणून थोडा रसच डब्यांत गोठवून मोठाले ठोकळे केले होते. गच्चीवर आलो तेव्हा थंडी अशी, की वॉचमन कानटोपीवर मफलर बांधून शेकोटीत जवळजवळ बसला होता. ठोकळे पाहून कुणीतरी म्हणालं, "बर्फ? आज?" ते शेवटपर्यंत डब्यातच राहिले. तिथे ते वितळलेही नाहीत.

४०२ आइस्क्रीम घेऊन आलाच. मी त्याला समजावलं की आंबट रसात दूध फाटतं, त्यात कच्चा अननस दुधाला कडू करतो. त्यानं स्वतःच्या ग्लासात गोळा टाकून खात्री करून घेतली. नासलेल्या दुधासारखं जे झालं ते त्यानं चमच्यानं खाल्लं आणि टेक्श्चर इंटरेस्टिंग असल्याचं सांगितलं. ही पिढी फार सहनशील आहे.

साडेनऊला मी सोड्याच्या बाटल्या फोडल्या. सोडा अगदी शेवटी, पातेल्याच्या कडेनं, अलगद ओतायचा, म्हणजे बुडबुडे टिकतात. बारा बाटल्या मी अशा ओतल्या, जसं काही झोपलेल्या बाळाला पाळण्यात ठेवतोय. पातेलं काठोकाठ भरलं. लालसर रंग, वर डाळिंबाचे दाणे नाचताहेत. लोक मोबाईल घेऊन जमले. मी डाव शोधायला मागे वळलो.

तेवढ्यात घंगाळाचं दुःख मनात ठेवूनही मोठ्या मनानं पुढे आलेल्या काकूंनी मूठभर चाट मसाला पातेल्यात सोडला. "पाचवं!" त्या म्हणाल्या.

गाडीवर मसाला सोडा प्यालेल्या कुणालाही पुढचं सांगायला नको. मिठाचा कण पडला की सोड्यातला वायू त्याला धरून भसाभस बाहेर येतो. ग्लासाला दोन इंच फेस येतो. इथे वीस लिटर होते. आधी 'फस्स' झालं, मग पातेल्याच्या तोंडाशी गुलाबी फेसाचा घुमट उभा राहिला, एक क्षण विचार केल्यासारखा थांबला आणि मग चारी बाजूंनी टेबलावर, टेबलावरून पावांच्या लाद्यांवर आणि तिथून सेक्रेटरींच्या कोल्हापुरी चपलांत उतरला. फोटो उत्तम आले.

उरलं दहा-अकरा लिटर. ते वाटायला लागलो. प्रत्येक जण ग्लास घेताना एकच प्रश्न विचारत होता, "यात काही नाही ना?" काकू-मावश्या तो भिवया वर करून विचारत, पुरुषमंडळी तोच प्रश्न इकडेतिकडे बघून, हळू आवाजात, आणि 'नाही' गाळून. मी दोघांना एकच उत्तर देत होतो. एका पक्षाचा विश्वास बसत नव्हता, दुसऱ्याला तो ठेवायचा नव्हता.

मग माझी मुलगी ओठ चाचपत आली. "बाबा, डेंटिस्टकडे इंजेक्शन दिल्यासारखं झालंय."

साठ लवंगा! रात्रभर त्या पाकात मुरल्या होत्या. चव गुणाकारानं वाढत नाही, ती कधी कधी भागाकार विसरून धावत सुटते. मी घोट घेतला. अर्ध्या मिनिटात जीभ माझी राहिली नाही. वर बघतो तर २०३ चे साहेब माईकवर 'नववर्षाच्या हार्दिक'मधल्या 'हार्दिक' या तीन अक्षरी शब्दापाशी अडखळले होते. सगळ्यांचीच जीभ जड झालेली. पुरुषांच्या घोळक्यात एकमेकांना कोपरं मारणं सुरू झालं, एकानं डोळे किलकिले करून ग्लास उजेडात धरला, आणि एरवी 'नमस्कार'च्या पुढे न जाणारे ४०१ उठून गाणं म्हणायला लागले. दुसरीकडे काकूंची कुजबुज वाढली. माझ्याकडे जसं बघणं चाललं होतं, तसं नळाचं पाणी तीन दिवस बंद असतानाही कुणी बघितलं नव्हतं.

एकट्या आजी प्रसन्न होत्या. त्यांच्यासाठी सोडा-मसाल्याविना वेगळी किटली होती, पाक मात्र तोच. गालाला हात लावून म्हणाल्या, "अरे, चार दिवस दाढ ठणकत होती, आत्ता थांबली. अजून अर्धा ग्लास दे."

साडेबाराला मी पातेलं विसळत होतो. सेक्रेटरी ओल्या चपला हातात घेऊन जवळ आले, मागे कुणी नाही ना बघितलं.

"पुढच्या वर्षीही तुम्हीच करा. वहीत लिहितो." मग आवाज खाली आणून, "पण मला तरी सांगा. पाचवं काय घातलंत?"

"लवंग," मी म्हणालो.

त्यांनी डोळा मिचकावला. "कळलं, कळलं. आपल्या तोंडून बाहेर जाणार नाही."