आंघोळ माणसं करतात, थ्री बीएचके नाही!

हीट पंपाची, म्हणजे हवेतल्या उष्णतेने पाणी तापवणाऱ्या यंत्राची, गरम पाण्याची टाकी घ्यायला ठाण्यात घोडबंदर रोडवर कुठल्याही दुकानात जा, पहिला प्रश्न ठरलेला. "मॅडम, टू बीएचके की थ्री?" घरात माणसं किती, बादलीने आंघोळ करतात की शॉवरने, सकाळी सगळे एकामागोमाग जातात की दिवसभर सवडीने, यातलं एक अक्षर कुणी विचारत नाही. थ्री बीएचके म्हणजे ३०० लिटर, विषय संपला. तीच आमच्या गळ्यात मारली. "लहान साइज स्टॉकमध्ये नाही, आणि मोठी कधीही बरीच."

मोठी कशी बरी? हिशोब सातवीतल्या मुलाला जमेल असा आहे. आपल्याकडे नळाचं पाणी साधारण २५ अंश धरा, टाकीत ५५, अंगावर घ्यायचं ४० च्या आसपास. म्हणजे बादलीत निम्मं गरम, निम्मं गार. २० लिटरच्या बादलीला टाकीतलं १० लिटर पाणी लागतं. आम्ही पाच जण. चौघं बादलीवाले, त्यांचे ४० लिटर. मुलगी शॉवरखाली दहा मिनिटं, मिनिटाला ८ लिटर धरले तरी टाकीतून ४० च. भांड्यांना २०. झाले १००! दीडशेच्या टाकीत पाहुण्यांसकट भागलं असतं. आता वरचं २०० लिटर पाणी विनाकारण गरम ठेवायचं, त्याची उष्णता चोवीस तास झिरपत राहणार आणि ती भरून काढायला मशीन चालणार. शिवाय ३०० किलो पाणी, वर टाकीचं वजन, हे सगळं ड्राय बाल्कनीच्या एका कोपऱ्यात. तिथला स्लॅब ते पेलेल का, हा प्रश्न विकणाऱ्याच्या डोक्यातही आला नव्हता. सोसायटीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आम्हीच तपासून घेतलं.

यंत्रावर माझा अजिबात राग नाही. हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडायची ही कल्पनाच सुंदर आहे, आणि ठाण्याच्या उबदार, दमट हवेत ती मस्त चालते. १०० लिटर पाणी २५ वरून ५५ वर न्यायला साडेतीन युनिटांएवढी उष्णता लागते. गीझर तेवढी वीज खातो, चांगला हीट पंप एक-सव्वा युनिटात काम करतो. फक्त तो सावकाश तापवतो. म्हणून तर टाकी लागते, म्हणून तर तिचा आकार मोजून ठरवायचा असतो.

पण बसवायला आलेल्या माणसाने काय केलं? टाकीतला २ किलोवॅटचा बॅकअप रॉड, म्हणजे गीझरसारखा थेट विजेवर तापवणारा, कायम चालू ठेवून गेला. सांगितलंही नाही. बिल आलं, ३०० युनिटांच्या पुढच्या महाग स्लॅबमध्ये गेलं, तेव्हा आम्ही सेटिंग शोधत बसलो. फोन केला तर म्हणे, "रॉडमुळे पाणी लवकर तापतं, मॅडम." अहो, रॉडनेच तापवायचं होतं तर जुना गीझर काय वाईट होता?

ड्राय बाल्कनीला काचेच्या सरकत्या खिडक्या आहेत. त्या बंद असल्या की मशीन स्वतःच फेकलेली गार हवा परत ओढत बसतं, आणि तापवायला लागणारा वेळ वाढत जातो. हे त्याने जागा बघायला आला तेव्हाच सांगायला हवं होतं. हवेतला दमटपणा मशीनमध्ये गार होऊन पाणी सुटतं, त्याची नळी त्याने नुसती बाहेर लोंबकळत सोडली. पावसाळ्यात ते पाणी टपटप खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. त्यांनी ऐकवलं, ते मला. सेक्रेटरींचं पत्र आलं, तेही मला.

आणि सगळ्यात संताप आला तो सेफ्टी व्हॉल्व्हवरून. पाणी तापलं की फुगतं. ३०० लिटर पाणी ५५-६० अंशांवर गेलं की तीन-चार लिटरनी वाढतं. गार पाण्याच्या लाइनवर एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, लावला की ते मागे जाऊ शकत नाही, मग दाब वाढून सेफ्टी व्हॉल्व्हमधून ठिबकतं. ठिबकणं हे त्याचं कामच आहे. ते टाळायचं तर वाढलेलं पाणी सामावून घेणारा छोटा एक्स्पान्शन टँक बसवायचा, नाहीतर व्हॉल्व्हच्या तोंडाला नळी लावून ती न्हाणीत सोडायची. आमचा हा इन्स्टॉलर पान्हा काढून म्हणाला, "व्हॉल्व्ह लीक आहे, प्लग मारून टाकतो." प्लग! बंद टाकीत पाणी तापतंय, आत दाब चढतोय, आणि तो सुटायचा एकमेव रस्ता हा माणूस बंद करायला निघाला होता. शेजारच्या खोलीत माझ्या सासूबाई झोपतात. थर्मोस्टॅट बिघडला असता तर? मी अक्षरशः ओरडले. तो मलाच समजावत होता की सगळीकडे असंच करतो. सगळीकडे! ठाण्यात आणखी किती घरांत असे प्लग मारून ठेवलेत, या विचाराने माझी झोप उडाली आहे. तुमच्याकडे अशी टाकी असेल तर आज जाऊन त्या व्हॉल्व्हचं तोंड उघडं आहे का ते बघा.

तक्रार केली की इन्स्टॉलर प्लंबरकडे बोट दाखवतो, प्लंबर दुकानदाराकडे, दुकानदार कंपनीच्या कस्टमर केअरकडे, आणि कस्टमर केअर विचारतं की इन्स्टॉलेशन रिपोर्टवर सही झाली का. नाही झाली. एक्स्पान्शन टँक लागेपर्यंत, मशीनमधून सुटणाऱ्या पाण्याची नळी न्हाणीपर्यंत येईपर्यंत आणि ३०० ची टाकी बदलून २०० ची किंवा दीडशेची मिळेपर्यंत होणारही नाही. उरलेले पैसेही तोवर देणार नाही, हे दुकानदाराला लेखी कळवलं आहे.