‘आधी आपल्या लोकांचं बघा’ म्हणणाऱ्या काकांना

काका, नमस्कार. तुमचं म्हणणं असं की तुर्भ्याच्या रेशन दुकानात यूपी-बिहारवाले आपल्या वाट्याचं धान्य उचलतात, तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना केशरी कार्ड असून दाणा मिळत नाही, आणि मी मात्र फुकट्यांची वकिली करतोय.

आधी मावशींचं बोलू, कारण तुमचा खरा राग तिथे आहे आणि तो रास्त आहे. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात महाराष्ट्राच्या खेड्यांतले 76.32 टक्के लोक बसतात, शहरांतले फक्त 45.34 टक्के, तेही 2011 च्या जनगणनेवर, आता घणसोली-कोपरखैरण्यात त्यानंतर किती माणूस वाढलं ते तुम्हीच बघितलंय. ऑफिसात ‘इष्टांक पूर्ण झाला’ (म्हणजे ठरवून दिलेली लाभार्थ्यांची संख्या भरली) म्हणतात ते हेच. वर उत्पन्नाची अट वर्षाला 59 हजार, म्हणजे महिन्याला पाच हजारसुद्धा नाही, एवढ्यात इथे खोलीचं भाडं तरी सुटतं का? बिहारवाला उद्या गाडीत बसून गावी गेला तरी मावशींचं नाव यादीत लागणार नाही.

कारण तो उचलतो ते त्याच्याच गावच्या कार्डावरचं, माणशी 5 किलो, तिकडे घेतलं की इकडे नाही. 2019 ला महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगणा अशा जोड्यांपासून ही ‘वन नेशन वन रेशन कार्ड’ची सोय सुरू झाली. नाक्यावर कामासाठी उभे राहणारे जालना-बीडचे लोकही अशाच सोयीने इथे धान्य घेतात, त्यांना कुठे बसवायचं, आपल्यात की परक्यात?

हां, एक मान्य. बाहेरचे कार्डवाले जास्त आले की दुकानातली पोती लवकर संपतात आणि वाढीव माल येईपर्यंत इथला माणूस हेलपाटे घालतो. त्याचा जाब पुरवठा खात्याला विचारा ना, रांगेतल्याला काय विचारताय.

आणि फुकटचं म्हणाल तर जानेवारी 2023 पासून यादीतल्या सगळ्यांनाच फुकट आहे, मराठी असो नाहीतर भोजपुरी. ते किती सुखाचं असतं ते एकदा रांगेत थांबून बघा. सिमेंट कालवून बोटांच्या रेषा गेलेल्या, अंगठा लागत नाही, दुकानदार पॉस मशीन शर्टाला पुसतो, मग दुसरं बोट, मग डोक्याला घासून लाव म्हणतो, तेवढ्यात सर्व्हर जातो, आणि शेवटी कळतं की गावाकडे घरच्यांनी सगळ्यांचंच उचललंय. खाडा झाला तो वेगळाच.

मावशींना उत्पन्नाचा दाखला काढून शिधावाटप कार्यालयात अर्ज द्यायला सांगा. मयत, गाव सोडून गेलेल्यांची नावं कमी झाली की इष्टांकात जागा होते. पोच मात्र शिक्क्यासकट घ्या, नाहीतर अर्ज आलाच नव्हता म्हणतील.