शत्रूकडे राहिलेली अर्धी हकीकत

एकमेकांविरुद्ध लढलेले दोन सैनिक म्हातारपणी पत्रांतून मित्र झाले, की ‘शत्रूशी कसली मैत्री?’ असे विचारणारे हमखास भेटतात. मला हा प्रश्न अन्यायाचा वाटतो. त्या दिवशी नेमके काय घडले याची अर्धी हकीकत समोरच्याकडेच असते आणि ती त्याच्याखेरीज कोणीही सांगू शकत नाही.

दुसऱ्या महायुद्धात, २० डिसेंबर १९४३ रोजी जर्मनीतील ब्रेमेन शहरावरील हल्ल्यानंतर अमेरिकन वैमानिक चार्ली ब्राउन यांच्या बी-१७ या बॉम्बफेकी विमानाची अक्षरशः चाळण झाली होती आणि शेपटाकडील तोफची मरण पावला होता. पाठलागावर आलेले जर्मन वैमानिक फ्रान्झ स्टिगलर यांना आतले जखमी दिसले. त्यांनी एकही गोळी न झाडता विमानाला समुद्रापर्यंत सोबत केली आणि सलाम करून ते माघारी वळले. ही गोष्ट फुटली असती, तर त्यांच्या जिवावर बेतले असते. इकडे ब्राउन यांनाही वरिष्ठांनी वाच्यता न करण्यास बजावले होते.

पुढे ब्राउन यांनी जर्मन वैमानिकांच्या वार्तापत्रातून शोध घेतला आणि जानेवारी १९९० मध्ये कॅनडात स्थायिक झालेल्या स्टिगलर यांचे उत्तर आले. ते विमान घरी पोहोचले की नाही, हा प्रश्न त्यांना इतकी वर्षे छळत होता. आणि त्या दिवशी शेजारच्या विमानातून चाललेले जे हातवारे ब्राउन यांना उमगले नव्हते, त्यांचा अर्थ ‘तटस्थ स्वीडनकडे वळा’ असा होता, हे त्यांना तब्बल ४६ वर्षांनी कळले! स्टिगलर यांचा भाऊ १९४० मध्येच युद्धात गेला होता. त्या भावाइतकेच ब्राउन आपल्याला मोलाचे आहेत, असे त्यांनी भेट दिलेल्या पुस्तकात स्वहस्ते लिहिले.

आपल्याकडचे उदाहरण याहून अवघड आहे. १९ सप्टेंबर १९६५ रोजी गुजरातचे मुख्यमंत्री बलवंतराय मेहता यांचे विमान पाडणारे पाकिस्तानी वैमानिक कैस हुसेन यांनी २०११ मध्ये, त्या विमानाचे वैमानिक जहांगीर इंजिनिअर यांच्या कन्येला ई-मेल पाठवून शोक कळवला. तिने कटुता न ठेवता उत्तर दिले. या दोघांहून अधिक देशभक्ती दाखवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

ब्राउन आणि स्टिगलर यांना मैत्रीची १८ वर्षे मिळाली. २००८ मध्ये काही महिन्यांच्या अंतराने दोघेही गेले. आपल्याकडे १९७१ च्या लढाईतील जवान आज सत्तरी ओलांडून पुढे गेले आहेत. ज्यांच्या घरी असे आजोबा आहेत, त्यांनी पलटणीचे नाव, ठिकाण आणि तारीख त्यांच्या तोंडून आताच उतरवून घ्यावी, आणि त्यांना पलीकडच्या कोणाला पत्र लिहावेसे वाटले, तर पत्ता शोधून द्यावा.